ओलाव्यातून भरणारी जखम : हायड्रोजेल पट्टीचे विज्ञान

जखम झाली की ती उघडी ठेवावी, तिला वारा लागू द्यावा, पाणी लागू देऊ नये आणि खपली धरली म्हणजे ती भरत आली असे समजावे, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. किरकोळ खरचटण्याच्या बाबतीत ती फारशी नडत नाही. कारण अशी जखम कशीही भरतेच. परंतु भाजल्याची विस्तृत जखम, मधुमेही रुग्णाच्या तळपायावरील महिनोन्‌महिने न भरणारा व्रण किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडाजवळचा शय्याव्रण यांच्या बाबतीत हीच समजूत महागात पडू शकते. कोरडेपणा हा भरत्या जखमेचा मित्र नसून बहुतेक वेळा शत्रू असतो, हे वैद्यकशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओळखले. या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या साधनांपैकी एक म्हणजे हायड्रोजेलची पट्टी. ती कशाची बनते, कशी काम करते, कोठे उपयोगी पडते आणि कोठे ती वापरणे चूक ठरते, याची ही ओळख.

त्वचा कशी भरून येते?

त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि तिच्याखालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे या खालच्या थरात असतात. जखम झाल्यावर प्रथम रक्त गोठते आणि रक्तस्राव थांबतो. त्यानंतर दाहाची अवस्था येते. या अवस्थेत पांढऱ्या पेशी जखमेत उतरून जंतू आणि मृत ऊती यांचा फडशा पाडतात. तिसऱ्या अवस्थेत नव्या केशवाहिन्या फुटतात, जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार नवे मांस तयार होते आणि कडांकडून बाह्यत्वचेच्या पेशी सरकत सरकत जखम झाकू लागतात. शेवटची, व्रणवस्तूला बळकटी येण्याची अवस्था कित्येक महिने चालते. एवढे होऊनही भरलेल्या जागेचे बळ मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

यातील पेशींचे सरकणे ही क्रिया आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उथळ जखमेत या पेशी केवळ कडांकडूनच नव्हे, तर तळाशी शिल्लक राहिलेल्या केसांच्या मुळांकडूनही पसरतात. त्या ओल्या पृष्ठभागावरूनच सरकू शकतात. जखम उघडी राहून वाळली, की वर खपली बनते आणि तिच्याखालचा ऊतींचा पातळ थरही सुकून मरतो. मग पेशींना पृष्ठभाग सोडून या सुकलेल्या थराखालून, जेथे ओल आहे तेथून, वाट काढावी लागते. वाट लांबते आणि वेळ वाढतो. म्हणजे ज्या खपलीकडे आपण बरे होण्याचे लक्षण म्हणून पाहतो, ती पेशींच्या दृष्टीने वाटेतील अडसर असते.

१९६२चा प्रयोग

ही गोष्ट प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय लंडनमधील संशोधक जॉर्ज विंटर यांना जाते. डुकराची त्वचा रचनेने मानवी त्वचेला बरीच जवळची असते. विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर सारख्या मापाच्या उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ पटलाने झाकल्या. झाकलेल्या जखमांत खपली धरली नाही आणि नवी बाह्यत्वचा उघड्या जखमांच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने पसरली. हे निष्कर्ष १९६२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मेबॅक यांनी मानवी त्वचेवरील उथळ जखमांतही असाच परिणाम दिसत असल्याचे त्याच नियतकालिकात मांडले.

शल्यवैद्यकाला हे सहज पटणारे नव्हते. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जंतुनाशक शस्त्रक्रियेची तत्त्वे मांडल्यापासून जंतूंना दूर ठेवणे हा जखमेच्या उपचाराचा गाभा मानला जात होता. ओल म्हणजे जंतूंची वाढ, म्हणून जखम कोरडी हवी, हा विचार त्यातून दृढ झाला होता. प्रत्यक्षात योग्य निवडलेली आणि स्वच्छ केलेली जखम झाकून ओलसर ठेवली, तर संसर्ग वाढतोच असे नाही, हे पुढील अनुभवातून स्पष्ट झाले. पांढऱ्या पेशींनाही आपले काम करण्यासाठी ओलावाच लागतो. विंटर यांच्या प्रयोगानंतरच्या दोन-तीन दशकांत पारदर्शक पटले, हायड्रोकोलॉइड, अल्जिनेट आणि हायड्रोजेल अशा ओलावा राखणाऱ्या पट्ट्यांचे एक कुटुंबच उदयाला आले.

हायड्रोजेल म्हणजे काय?

फालुद्यासाठी भिजवलेला सब्जा आपण सर्वांनी पाहिला आहे. कोरडा काळा दाणा पाण्यात टाकला की त्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा फुगतो. त्यात बहुतांश पाणीच असते, पण ते वाहून जात नाही. चायना ग्रास घालून केलेली जेली आणि कोरफडीचा गर हीही अशीच उदाहरणे. पाण्यावर प्रेम करणाऱ्या लांबलचक रेणूंचे, म्हणजे पॉलिमरचे, जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले भरपूर पाणी, अशी हायड्रोजेलची सोपी व्याख्या करता येईल.

सुटे पॉलिमर पाण्यात टाकले तर ते विरघळतात आणि खळीसारखा द्रव बनतो. परंतु या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जागोजाग पुलांनी जोडल्या, तर पाणी आत शिरून जाळे फुगते, पण विरघळत नाही. जोड कमी असतील तर जेल मऊ होते आणि जास्त पाणी धरते. जोड वाढवले तर ते घट्ट होते आणि कमी फुगते. पट्टीसाठी पॉलिव्हिनिल अल्कोहोल, पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज यांसारखी कृत्रिम किंवा अर्धकृत्रिम द्रव्ये वापरतात. अगर, अल्जिनेट, जिलेटिन यांसारखी नैसर्गिक द्रव्येही वापरली जातात. घरात चायना ग्रास म्हणून आणतात ते अगरच होय. तयार पट्टीत पाण्याचे प्रमाण बहुधा ७० ते ९० टक्के, कधी त्याहूनही अधिक असते.

मानवी शरीरासाठी अशा पदार्थांचा विचार प्रथम डोळ्यासाठी झाला. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम या चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञांनी १९६० साली जैविक उपयोगाच्या जलप्रिय जेलविषयीचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. १९६१च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील धातूचे भाग जोडून घरीच यंत्र बनवले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला जो पदार्थ सोसवतो, तो उघड्या जखमेलाही सोसवेल, ही अपेक्षा त्यातून बळावली.

किरणांनी विणलेले जाळे

पॉलिमरच्या साखळ्या जोडण्याचा एक मार्ग रासायनिक आहे. मात्र त्यात जोडणी करणाऱ्या द्रव्याचा काही अंश मागे राहिला, तर तो जखमेला त्रासदायक ठरू शकतो. दुसरा मार्ग किरणांचा. पोलंडमधील लोद्झ येथील यानुश रोशियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या मार्गाने हायड्रोजेलची पट्टी विकसित केली. पॉलिमरचे पाण्यातील द्रावण पसरट साच्यात ओतायचे, साचा हवाबंद करायचा आणि तो गॅमा किरणांच्या किंवा वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोतात ठेवायचा, अशी ही पद्धत. किरणांमुळे पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन अतिशय क्रियाशील मूलके निर्माण होतात. ती पॉलिमरच्या साखळ्यांतील हायड्रोजन ओढून घेतात आणि अशा उघड्या पडलेल्या जागा एकमेकींना जोडल्या जातात. द्रवाचे जेल होते. विशेष म्हणजे २५ किलोग्रेच्या आसपासची किरणमात्रा वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठीही वापरली जाते. त्यामुळे जाळे विणणे आणि निर्जंतुक करणे ही दोन्ही कामे बंद वेष्टनातच, एकाच वेळी उरकतात.

या तंत्राशी मुंबईचा थेट संबंध आहे. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा ‘आयसोमेड’ हा प्रकल्प तुर्भे येथे १९७४ साली सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी पुढे पॉलिव्हिनिल अल्कोहोलवर आधारलेली हायड्रोजेलची पट्टी किरणतंत्राने तयार केली आणि ते तंत्रज्ञान उत्पादनासाठी खासगी उद्योगाकडे सोपवले. भाजलेल्या आणि इतर जखमांसाठी ती आहे. किरणांचा उल्लेख आला की अनेकांच्या मनात शंका उभी राहते. म्हणून सांगितले पाहिजे, की गॅमा किरणांतून गेलेली पट्टी किरणोत्सारी होत नाही. दिवा मालवल्यावर जसा खोलीत प्रकाश उरत नाही, तशी पट्टीत किरणे उरत नाहीत.

जखमेवर ती काय करते?

हायड्रोजेलचे पहिले काम म्हणजे पाण्याची देवघेव. कोरड्या ऊतीला ते पाणी देते आणि जखमेतील थोडीफार लस शोषूनही घेते. जुनाट व्रणाच्या तळाशी अनेकदा मृत ऊतींचा पिवळट, चिकट किंवा काळा, कडक थर असतो. तो निघाल्याशिवाय नवे मांस धरत नाही. शल्यचिकित्सक तो शस्त्राने काढतात. परंतु तेथे ओलावा पोचला, तर शरीरातील पांढऱ्या पेशींची विकरे हा थर हळूहळू सैल करतात. शरीराकडूनच घडणाऱ्या या सफाईला हायड्रोजेल साहाय्य करते. तिला वेळ लागतो. मात्र ती वेदनारहित असून तिने निरोगी ऊतीला सहसा इजा होत नाही.

दुसरे काम म्हणजे न चिकटणे. सुकलेली गॉजची पट्टी ओढून काढताना होणाऱ्या यातना भाजलेल्या रुग्णाला विचाराव्यात. लस वाळून गॉजच्या धाग्यांत अडकते आणि पट्टी निघते ती नव्याने धरलेला पेशींचा थर घेऊनच. दर बदलाला जखम नव्याने उघडी पडते. हायड्रोजेल जखमेला चिकटत नसल्याने ही दुहेरी हानी टळते. तिसरे काम गारव्याचे. जेलमधील पाणी उष्णता शोषून घेते आणि बाष्पीभवनाने थंडावा देते. उघड्या पडलेल्या मज्जातंतूंची टोके ओलसर राहिल्याने आगही कमी होते. शिवाय पत्र्याच्या स्वरूपातील पट्टी बरीचशी पारदर्शक असते, त्यामुळे ती न काढता जखमेवर नजर ठेवता येते.

बाजारात हायड्रोजेल तीन रूपांत मिळते. ट्यूबमधील आकारहीन जेल खोल, वेड्यावाकड्या व्रणात भरण्यासाठी असते. लवचिक पत्र्यासारखी पट्टी सपाट, उथळ जखमेसाठी असते. तिसरे रूप म्हणजे जेलमध्ये भिजवलेले गॉज. ट्यूबमधील जेलवर दुसरे आवरण घालावेच लागते. अन्यथा त्यातील पाणी उडून जाते आणि उरतो तो कोरडा पापुद्रा.

एकच तत्त्व, साधी साधने

ओलसर आणि न चिकटणारे आवरण हे तत्त्व मुंबईतील शल्यचिकित्सकांनी अगदी साध्या वस्तूंतूनही साधले आहे. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर बसवून, त्या निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांच्या जखमांवर वापरल्या. त्याविषयीचा त्यांचा प्राथमिक अहवाल १९८५ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला. सालीतील बुचासारखा थर पाणी उडू देत नाही आणि जखमेला चिकटत नाही. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची निर्जंतुक पट्टी तयार केली. तिचा अभ्यास २००३ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बटाट्याच्या सालीइतकीच परिणामकारक, पण करायला सोपी आणि स्वस्त, असा तिचा निष्कर्ष होता. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या साठ उपक्रमांत ‘पत्रदान’ म्हणजे व्रणावर पाने ठेवणे हा एक उपक्रम सांगितला आहे, याची येथे आठवण होते.

ही उदाहरणे वाचून कोणी घरी भाजलेल्या जागेवर परसातील केळीचे पान बांधू नये. रुग्णालयातील पान वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेले असते. महागडे उत्पादन हाती नसले, तरी त्यामागचे तत्त्व समजलेले असेल तर उपाय सापडतो, एवढाच या उदाहरणांचा बोध आहे.

कोठे वापरू नये?

जी पट्टी मुळातच पाण्याने भरलेली आहे, ती आणखी किती पाणी शोषणार? म्हणूनच भरपूर लस किंवा पू वाहणाऱ्या जखमेवर हायड्रोजेल योग्य नाही. तेथे कडेची निरोगी त्वचा भिजून पांढरी, पिचपिचीत होते आणि जखम लहान होण्याऐवजी पसरू शकते. अशा ठिकाणी अल्जिनेट किंवा फोमची शोषक पट्टी अधिक उपयुक्त असते. संसर्ग झालेल्या जखमेत केवळ जेल लावून भागत नाही. चांदीचे क्षार घातलेली जेल मिळतात. पण खोल संसर्गाला स्वतंत्र उपचार लागतातच.

रक्तपुरवठा बंद पडून काळ्या, कोरड्या पडलेल्या पायाच्या बोटाबाबत तर नियम उलटा होतो. तेथे कोरडेपणाच हितकर असतो. ओल पोचली तर कोरडे कोथ ओले होऊन संसर्ग वर चढण्याचा धोका असतो. म्हणून मधुमेही रुग्णाने पायाच्या जखमेवर स्वतःच्या मनाने जेल लावणे धोक्याचे आहे. आधी पायातील रक्तप्रवाह तपासला गेला पाहिजे. तसेच त्वचेच्या सर्व थरांतून आरपार भाजलेल्या जखमेत नवी त्वचा उगवण्यासाठी मुळेच शिल्लक नसतात. तेथे त्वचारोपणाला पर्याय नाही.

पुरावा काय सांगतो?

वैद्यकीय चाचण्यांचे काटेकोर परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१३ साली दोन आढावे प्रसिद्ध केले. मधुमेही पायाच्या व्रणांविषयीच्या आढाव्यात पाच चाचण्या आणि ४४६ रुग्णांचा समावेश होता. साध्या पट्टीपेक्षा हायड्रोजेलखाली अधिक व्रण भरले, असे त्यातील काही चाचण्यांवरून दिसले. परंतु चाचण्या लहान आणि सदोष असल्याने ही माहिती ठामपणे स्वीकारता येत नाही, असेही परीक्षकांनी नोंदवले. इतर आधुनिक पट्ट्यांपेक्षा ती सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. उथळ आणि मध्यम खोलीच्या भाजण्याविषयीच्या आढाव्यात ३० चाचण्या होत्या. नेहमीच्या उपचारांच्या मानाने हायड्रोजेलखाली जखमा लवकर भरत असाव्यात असे त्यात दिसले; याउलट आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाची कामगिरी अनेक आधुनिक पट्ट्यांपेक्षा कमी ठरली. थोडक्यात, हायड्रोजेल उपयोगी आहे, पण चमत्कार नाही.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. पट्टी जखम भरत नाही. शरीर ती भरते. मधुमेही व्रणावर कितीही उत्तम पट्टी लावली, तरी पावलावरील दाब हटवला नाही, रक्तातील साखर आटोक्यात आणली नाही आणि रक्तपुरवठा सुधारला नाही, तर व्रण तसाच राहतो. शय्याव्रणाच्या रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवले नाही आणि आहारात पुरेशी प्रथिने दिली नाहीत, तरीही हेच होते.

घरी लक्षात ठेवावे असे

भाजल्यावर पहिला उपाय हायड्रोजेल नव्हे, तर नळाचे वाहते, साधे गार पाणी. ते २० मिनिटे सोडावे. भाजल्यानंतर तीन तासांच्या आत केव्हाही त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. त्याने खोली ओळखणे कठीण होते आणि संसर्गाला वाव मिळतो. अंगठ्या, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. फोड फोडू नयेत. चेहरा, हात, गुप्तांग भाजले असेल, जखम मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल वा वृद्ध असेल, तर रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये. मोठ्या भागावर जेल लावून ठेवल्यास, विशेषतः लहान मुलांत, शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरू शकते.

किरकोळ जखमेत हायड्रोजेल वापरायचे असेल तर जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवावी, जेल निरोगी त्वचेवर पसरू देऊ नये, वरून आवरण घालावे आणि पट्टी वैद्यांनी सांगितलेल्या अंतराने बदलावी. वेदना, लाली किंवा दुर्गंधी वाढली, ताप आला अथवा दोन आठवड्यांत जखम लहान होताना दिसली नाही, तर ती दाखवून घ्यावी.

जखमेचा बदलता अम्लांश रंगातून दाखवणारी किंवा औषध थोडेथोडे सोडणारी हायड्रोजेल आज प्रयोगशाळांत तयार होत आहेत. ती केव्हा आणि कोणत्या किमतीला सामान्य रुग्णापर्यंत पोचतात, यावर त्यांचे मोल ठरेल. तोपर्यंत जुने ज्ञान पुरेसे उपयोगी आहे : जखम स्वच्छ करावी, झाकावी, तिला हवा तेवढाच ओलावा द्यावा आणि मुळाशी असलेल्या आजाराकडे दुर्लक्ष करू नये.